गुडघ्याएवढा पूर

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली मंडळी बहुतेक मीटिंग घेत बसली होती. मीटिंगची हौस भारी. त्या दिवशीचा विषय होता जिन्याजवळच्या भिंतीवरची लाल रेघ.

ही रेघ म्हणजे जुन्या पुराची खूण. नदी आमच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. पूर आला तेव्हा तळमजल्यावर पाणी जिथवर चढलं, तिथे तेव्हाच्या सेक्रेटरींनी रेघ मारून ठेवली. नव्या माणसाला कळावं, एवढाच हेतू. माझ्या डोक्याच्याही वर होती ती, आणि मी काही बुटकी नाही. त्या पुरात तळमजल्यावरचा फ्रिज आडवा होऊन तरंगत दाराबाहेर येताना मी जिन्यात उभी राहून पाहिलाय.

आताच्या सेक्रेटरींना तळमजल्यावरचा आपला फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक यायचं, मान वर करून रेघ बघायचं आणि चहासुद्धा न घेता सटकायचं.

"मग पुसून टाका की," कुणीतरी म्हणालं.

"छे छे! पुसायची कशी?" सेक्रेटरी अगदी दुखावले. "ती लोकांची फसवणूक होईल. आपण फक्त जरा खाली घेऊ."

घ्या! पुसली तर फसवणूक आणि खाली घेतली तर सोय. मी उभी राहिले. मी बसमध्ये कंडक्टर आहे. तिकीट तिकीट करून माझा गळा असा झालाय की मी साधं बोलले तरी शेजारच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या उघडतात.

"नदीने कळवलंय का तसं? की यापुढे खालीच थांबेन म्हणून?"

"ताई, तुमचा सगळ्यालाच विरोध असतो," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं. झाडून सगळ्यांचे वर. आमच्या ह्यांचासुद्धा! घरी येऊन विचारलं तर म्हणे, "सगळ्यांनी केला, मग माझा एकट्याचा कशाला खाली ठेवू?" असा नवरा. त्याला काय बोलायचं?

पेंटरने विचारलं, रेघ कुठे मारू? सेक्रेटरींनी स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. पूर गुडघ्याएवढा झाला आणि महिन्याच्या आत फ्लॅट विकला गेला.

घेणारा कोण, तर विमा एजंट! आगीची, अपघाताची, मरणाची भीती दुसऱ्यांना घालून पोट भरणारा माणूस. सोबत म्हातारी आई. तिला भिंतीचा आधार घेऊन कसंबसं चालता यायचं. रेघ पाहून हे महाशय खूश. "काय प्रामाणिक सोसायटी आहे! कोण सांगतं हो स्वतःहून?" सेक्रेटरींनी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं विनय आहे.

मग एजंटने टेप काढली आणि घरभर तयारीला लागला. रेघेची उंची मोजून विजेची बटणं वर घेतली, फ्रिज उंच स्टँडवर चढवला, आणि आईचा पलंग विटांवर चढवला. पलंग इतका उंच झाला की आजींना वर चढायला मुलाचा हात लागायचा आणि उतरायलाही. मुलगा कामावर गेला की त्या दिवसभर वरच. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवायचा, "पूर आला तरी आईचा पायसुद्धा भिजणार नाही."

मला राहवेना. एक दिवस जिन्यात गाठलंच. "अहो, ती रेघ खोटी आहे. खरी ह्या इथे होती," मी हात वर करून दाखवला. "आईला वरच्या मजल्यावर ठेवा कुठेतरी. ह्या पलंगावर ती अडकून बुडेल!"

"ताई, हळू बोला. इथे स्पष्ट खूण आहे. तुमच्याकडे काय पुरावा आहे?"

"डोळे आहेत ना मला!"

तो समजूतदारपणे हसला. "सेक्रेटरींनी सांगितलं होतं, तुम्ही येऊन ओरडाल म्हणून."

त्याच्या घराचं दार अर्धं उघडं होतं. आजी पलंगावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला आणि वर गेले.

पावसाने पुढे चांगलाच जोर धरला. एका सकाळी रस्त्यांवर पाणी आलं, बस बंद झाल्या, मी घरी परतले. नदीकाठच्यांनी वर जावं, असं ओरडत भोंग्याची गाडी फिरत होती. आणि आमची मंडळी? जिन्यात गर्दी करून रेघ बघत होती. पोटरीपर्यंत पाणी आलेलं, फोटो काढणं चाललेलं. "अजून बरंच खाली आहे!" एकजण म्हणाला. मी एजंटला फोन लावला. तो कुणाला तरी पॉलिसी समजावत होता. "रेघेपर्यंत आलं का? नाही ना? मग झालं तर," म्हणाला आणि फोन ठेवला.

पाणी रेघेला टेकलं. सगळे वाकून बघू लागले, आता थांबेल म्हणून. पाण्याला कुणी ठराव वाचून दाखवला नव्हता. ते चढतच राहिलं.

आतून आजींची हाक आली. दाराला बाहेरून कुलूप, जादा किल्ली सेक्रेटरींकडे. "मालकाला न विचारता दुसऱ्याचं घर उघडायचं म्हणजे..." ते पुटपुटत होते. माणूस बुडतोय आणि ह्याला परवानगी हवी! मी किल्ली त्यांच्या हातातून हिसकावली. कुलूप निघालं, पण पाण्याच्या जोराने दार हलेना. तेव्हा आमचे हे पुढे झाले आणि खांदा लावला. दोघांनी मिळून ढकललं तेव्हा कुठे आत शिरलो. गादी पाण्याखाली गेली होती. आजी पलंगाचा दांडा धरून बसल्या होत्या, छातीशी पाणी. ह्यांनी त्यांना पाठुंगळी घेतलं. आम्ही जिना चढेपर्यंत मागे फ्रिज आडवा झालेला दिसला.

आजी आमच्याकडेच राहिल्या. चिखल उपसायला मुलाला बरेच दिवस लागले. मग एका रविवारी वर आला, हातात आजींचे कपडे भरायला रिकामी पिशवी.

"चल आई. सगळं साफ केलंय. पलंगाखाली आणखी विटा लावल्यात."

"खाली?" मी विचारलं.

"आता कसली भीती, ताई? एवढा मोठा येऊन गेला, आता इतक्यात पुन्हा येत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही त्या दिवशी आरडाओरडा न करता शांतपणे सांगितलं असतं ना, तर मी नक्की विचार केला असता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजी बोलल्या.

"मी सांगितलं होतं की शांतपणे."

"काय?"

"ह्या बाईंचं मला खरं वाटतंय, मला वर कुठेतरी ठेव. रोज सांगत होते. तू जेवायला बसलास की सांगायचे. तू चिडशील म्हणून हळूच."

एजंट आईकडे बघत राहिला. "कधी? मला नाही आठवत."

खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच आठवत नव्हतं. आजींनी मान हलवली, जणू त्यांना हे ठाऊकच होतं, आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन, घडी करून त्यालाच परत दिली.