मोटारीची पाठवणी

मूर्तिजापूर मागं पडलं आणि मोटारीनं मान टाकली. खोकली नाही की अडखळली नाही, चालता चालता गप्प झाली.

शालिकरामानं ती कडेला घेतली. बावीस वर्षं ही काळी मोटार त्यानंच चालवली होती. अमरावतीच्या वकीलसाहेबांनी ती एकोणचाळीस साली घेतली. आता एकसष्ट साल सरत आलं होतं, साहेबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि मोटार अकोल्याच्या नव्या मालकाकडं, शेषरावांकडं निघाली होती. शेषरावांनी बजावलं होतं, "गाडी आपल्या पायानं आली, तं तिले बी ठेवतो अन् तुले बी. बैल जुंपून आणली, तं दोघंबी वापस." शालिकरामाला दुसरी गाडी ठाऊक नव्हती आणि खरं सांगायचं तर ठाऊक करून घ्यायचीही नव्हती.

मागं साहेबांच्या पत्नी दुर्गाबाई बसल्या होत्या, गाडी सोपवायला. पोटी मूलबाळ नाही. त्या मोटारीलाच लेक म्हणायच्या. थंडीत तिच्यावर गोधडी घालायच्या, दसऱ्याचं पहिलं सोनं तिला द्यायच्या. साहेब पुढं बसून चिखलदऱ्याच्या घाटात बेसूर गायचे, बाई मागून हसायच्या, आणि शालिकरामाला वाटायचं की आपणही या घरचेच. काय दिवस होते! ते काही पुन्हा यायचे नाहीत.

"काय झालं रे?"

"पाह्यतो, बाई."

प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली पडत होती. कार्बोरेटर मात्र ठणठणीत कोरडा. पेट्रोल संपलं की काय म्हणून त्यानं मागं जाऊन टाकीचं झाकण उघडलं, तर सुस्स करून आत हवा शिरली. काडी घालून पाहिलं, अर्धी टाकी भरलेली. झाकण लावून सुरू केली, सुरू झाली. चार मैल गेली आणि पुन्हा निपचित.

"तिले जायाचंच नाई, शालिकराम," बाईंनी डोळ्याला पदर लावला.

त्यालाही तसंच वाटलं असतं. पण इंजिनाला रुसवे-फुगवे नसतात, एवढं तो बावीस वर्षांत शिकला होता. त्यानं पुन्हा झाकण उघडलं. पुन्हा सुस्स! मग डोक्यात उजेड पडला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी. ते भोकच बुजलं होतं.

झाकणावर कुंकवाचा टिळा होता. नखानं खरवडला, तर खाली मेण, उन्हानं पाघळून भोकात उतरलेलं.

सकाळी बोनेटची पूजा शेजारच्या केशरबाईंनी केली होती, ओल्या हळदकुंकवानं. दुर्गाबाई लांब दारात उभ्या होत्या. विधवेनं पुढं यायचं नाही म्हणे! जळो ती रीत. आधी मेण आणि वर कुंकू, हे तर सवाशिणीनं कपाळाला लावायचं. वर्षभर मिटलेली मेणाची डबी आज पहाटे कुणी उघडली, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या बाजूला टिळा कुणी लावला, हे शालिकरामाला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाई उतरून मागं आल्या होत्या. झाकण पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "माह्याच हातानं इघ्न आलं रे."

"नाई, बाई. धूळ बसली होती. जरा पोलक्याची पिन द्या."

त्यानं पिनेनं भोकापुरतंच मेण काढलं. भोवतीच्या कुंकवाला धक्का लागू दिला नाही. मग मोटार जी निघाली, ती अकोल्यात शेषरावांच्या दारातच थांबली.

शेषरावांनी मोटारीभोवती फेरी मारली. बोनेटच्या हळदकुंकवाला हात जोडले. मागं येऊन थबकले.

"इथं हे काय लाल लागून राहिलं?" म्हणत त्यांनी खिशातलं फडकं काढलं.

शालिकरामानं झाकणावर हात ठेवला. "राहू द्या, मालक. मायनं लेकीले कुकू लावून धाडलं हाये."

माय कोण, ते शेषरावांनी विचारलं नाही. त्यांनी एकदा दुर्गाबाईंकडं पाहिलं आणि फडकं परत खिशात घातलं. साहेब गेल्यावर चारचौघांत डोळ्याला पाणी येऊ न दिलेल्या दुर्गाबाई, तिथं सगळ्यांदेखत पोटभर रडल्या.