गुरगुर काढून घेणारा माणूस

रविवारी सकाळी लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं ओंडक्यांवर चढून बसली होती. प्रत्येकाच्या हातात दोरी नाहीतर साखळी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. एवढे कुत्रे एका ठिकाणी, पण भुंकत होता फक्त एकच. तो नवा होता.

"हा कुत्रा नाही भुंकत!" पांढऱ्या सदऱ्यातला माणूस ओरडला. "याच्या आत बसलेला कोप भुंकतोय. मोठमोठे डॉक्टर याच्यापुढे हात टेकतात. मी नुसतं जा म्हणणार, आणि तो जाणार!"

त्याला सगळे शांतिदादा म्हणत. त्याने कुत्र्याच्या गळ्यात काळ्या कापडाचा जाड पट्टा आवळून बांधला. कुत्रा भुंकला आणि लगेच असा केकाटला, की पुढची माणसं मागे सरकली. "निघाला!" म्हणत शांतिदादाने हवेत मूठ आवळली. कुत्रा पुन्हा भुंकला, पुन्हा केकाटला. मग त्याने तोंड उघडलं आणि आवाज न काढताच मिटलं. शेपूट पोटाखाली घेऊन तो मातीत बसला. शांतिदादाने मूठ पाण्याच्या बादलीत झटकली.

"बादलीला शिवू नका हो, कोप पाण्यात आहे!"

लोक चार हात लांब झाले. कोपही मोठा आज्ञाधारक. बादलीबाहेर उडी मारावी, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे दाजी सगळ्यात पुढे. "बघा मेहुणीबाई, तुमच्या विज्ञानाला जमेल का हे?"

"दाजी, तो कुत्रा घाबरलाय."

"शांत झालाय! तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची खोडच आहे."

खोड आहे खरी. मी श्रवणयंत्रं बसवण्याच्या दुकानात काम करते. दिवसभर बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कुठे काय बिघडलंय तेच शोधते. पण त्या सकाळी माझं लक्ष खोटीकडे नव्हतं. मी ओळीने बसलेले ते मुके कुत्रे बघत होते.

दाजींच्या कुत्र्याचं नाव बोका. लहानपणी दूध चोरून प्यायचा, म्हणून पडलेलं. स्वभावाने गरीब गाय. पण ताईची छकुली चालायला लागली आणि हा तिच्यावर गुरगुरायला लागला. दाजींनी आधी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, मग काठी काढली. गुरगुर वाढतच गेली. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," असं म्हणून शेवटी ते त्याला शांतिदादाकडे घेऊन गेले, आणि बोका गप्प झाला.

पट्ट्याचे नियम कडक होते. तो अधूनमधून शांतिदादाकडे 'शक्ती भरायला' न्यायचा. दुसऱ्या कोणी उघडला तर कोप सुटतो आणि घरातल्या सगळ्यात लहान जिवाला धरतो. ताईच्या घरातला सगळ्यात लहान जीव म्हणजे छकुली. त्यामुळे ताई त्या पट्ट्याकडे बघायलाही भ्यायची.

त्याच दुपारी ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती आणि मी बाहेरच्या खोलीत छकुलीचे ठोकळे गोळा करत होते. बोका सोफ्याच्या कोपऱ्यात पडला होता. छकुली डुलत डुलत त्याच्याकडे गेली आणि तिने त्याचा कान मुठीत धरला.

बोक्याचं अंग ताठ झालं. ओठ वर सरकला, दात दिसले. गळा थरथरला, पण आवाज आला नाही. त्याने मान झटकली, डोळे मिटले, आणि पुन्हा तेच. त्याला गुरगुरायचं होतं आणि गुरगुरता येत नव्हतं. हाक मारली तर तो दचकेल, नाही मारली तर... मी झेप घेतली. छकुलीला ओढलं तेव्हा तिच्या झबल्याची बाही बोक्याच्या दातांत होती. कापड टर्रकन फाटलं. हात वाचला.

ताई धावत आली. फाटलेली बाही बघून ती मटकन खालीच बसली. तिच्यामागून आलेले दाजी पांढरेफटक पडले. "शांतिदादाला विचारतो," म्हणून त्यांनी फोन लावला. उत्तर तयारच होतं: कोप खोलवर मुरलाय, दुसरा पट्टा बांधू. नाहीच उतरला, तर कुत्रा जिवंत ठेवू नका.

बोका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"नको गं!" ताईने माझा हात धरला. "छकुलीला काही झालं म्हणजे?"

"ताई, व्हायचं ते आत्ताच होत होतं. पट्टा गळ्यात असताना."

खरं सांगते, मीही घाबरले होते. कोपावर माझा काडीचा विश्वास नाही, पण बहीण रडत असेल तर भीती आपल्यालाही चिकटते. मी पट्टा सोडला. बोक्याच्या गळ्यावरचे केस दोन ठिकाणी गेले होते आणि खाली लालभडक जखमा होत्या. मी पट्ट्याचं कापड उसवलं. आत प्लास्टिकची डबी, एक बॅटरी, गळ्याची थरथर ओळखणारा एक भाग आणि कातडीला टेकणारी दोन धातूची टोकं. गळा थरथरला की विजेचा झटका. शक्ती भरणं म्हणजे बॅटरी चार्ज करणं. माझ्या दुकानात आजोबा लोक रोज येऊन हीच शक्ती भरून नेतात, फक्त बादलीत मूठ झटकत नाहीत.

त्याच संध्याकाळी आम्ही बोक्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हळूच कान उलटून पाहिला. आत पू झाला होता.

"दुखत होतं म्हणून गुरगुरत होता," त्या म्हणाल्या. "लांब राहा, एवढंच सांगत होता. तुम्ही काठीने आणि झटक्याने त्याचं सांगणं बंद केलंत. दुखणं तसंच राहिलं. सायकलची घंटा काढून ठेवली म्हणून सायकल धडकायची थांबते का?"

"मग शिकवायचं कसं?" दाजींनी खालमानेने विचारलं.

"कान बरा होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. मग छकुली लांब दिसली आणि हा शांत राहिला, की खाऊचा तुकडा द्या. उठून आपल्या जागेवर गेला, की अजून एक. मुलगी दिसली की चांगलं काहीतरी मिळतं, हे त्याला कळू दे."

"म्हणजे कुत्र्याला लाच द्यायची?"

"तुम्ही कामाचा पगार घेता, त्याला लाच म्हणता का?"

पुढच्या रविवारी आम्ही वखारीमागे गेलो. मी उसवलेला पट्टा वर धरला आणि आतली डबी सगळ्यांना दाखवली. शांतिदादा हसला. "बाई, त्या डबीत मंतरलेला दगड आहे. कोप नसेल त्याला काही होत नाही."

"तुमच्यात तर कोप नसेलच," मी म्हणाले. "घाला गळ्यात, आणि एकच शब्द बोला."

इतका वेळ ज्याच्या तोंडाला खीळ नव्हती, तो एक पाऊल मागे सरकला. पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "बोला की दादा!" दादा बोलेनात.

"आण इकडे," दाजी म्हणाले. मी नको म्हणायच्या आत त्यांनी पट्टा स्वतःच्या गळ्याला लावला, टोकं दाबून धरली आणि हाक मारली, "बोका!"

ते कळवळून दुमडले. पट्टा मातीत पडला. सावरून उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "दर वेळी हे?" ते म्हणाले. "गुरगुरला की दर वेळी हेच?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका आजीने वाकून आपल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. त्या गडबडीत शांतिदादाने गाडी गाठली. बादली तिथेच राहिली. एका तहानलेल्या कुत्र्याने तिच्यातलं पाणी पिऊन टाकलं, आणि त्याला काहीही झालं नाही.

वाचकहो, तुमच्या दारातही असा कोणी येईल. तो कुत्र्याला गप्प करेल, नाहीतर तापाला, नाहीतर घाबरलेल्या सुनेला. टाळ्या वाजवण्याआधी विचारा, हे गप्प कशाने झालं? आणि 'उघडून बघू नका' असं म्हणाला, तर आधी तेच उघडा.

बोक्याचा कान बरा झाला. दाजींकडे आता काठीऐवजी खाऊचे तुकडे असतात, त्यातले निम्मे छकुलीच खाते. पण आवाज काही केल्या परत येईना. छकुली चुकून जवळ गेली की बोका नुसता थरथरायचा, आणि ताईच्या काळजाचं पाणी व्हायचं.

काल दुपारी बोका जेवत होता. छकुली त्याच्या ताटलीकडे निघाली आणि ताई तिला उचलायला धावली, तेवढ्यात खोलीत एक बारीक, खरखरीत आवाज आला.

बोका गुरगुरला होता.

ताईने छकुलीला कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ऐकलं रे राजा," ती म्हणाली. "ऐकलं."