तळ्याखालची वाट

सिद्रामप्पाची बदली नव्यानेच झालेल्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत झाली, तेव्हा नांदेडातल्या चार लोकांनी त्याला पेढे मागितले आणि घरात बायकोने, जगदेवीने, त्याला पेचात टाकलं. लातूरजवळच्या एका खेड्यात तिला बालवाडीची नोकरी मिळत होती. खेडं आडवळणी, एसटी यायची ती दिवेलागणीला. ती सायकलवर जाईन म्हणत होती.

"तुला येते का सायकल?"

"तुमीच शिकवली की. कंधारला, दुष्काळात."

"तवा बघायला कुत्रं नव्हतं तिथं. आता लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. कंधारला चला आन् एकदा बघा. आली तर जाईन, न्हाई आली तर नोकरीचं नाव काढणार न्हाई."

सिद्रामप्पा लगेच कबूल झाला. दहा वर्षं सायकलीला हात न लावलेली बाई गावाबाहेर पडायच्या आतच पडेल आणि प्रकरण परस्पर मिटेल, असे मांडे तो मनातल्या मनात खात होता. कारकुनी अंगात मुरली की माणूस असाच होतो. 'नाही' आपण म्हणत नाही, दुसऱ्याकडून म्हणवून घेतो.

भादव्यातल्या एका रविवारी दोघं कंधारच्या स्टँडवर उतरली आणि दोन सायकली भाड्याने घेतल्या. बेत त्याचाच होता : तळ्याला वळसा घालायचा, मन्याड नदीवरच्या धरणाच्या बाजूने फिरायचं आणि किल्ल्यावरून परत यायचं. निघताना जगदेवी अशी डगमगली की सिद्रामप्पाला हायसं वाटलं. पुढे एका बाभळीत शिरली, पदर सोडवून घेतला, पुन्हा बसली. मग मात्र हातापायांना आठवलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि ही बाई खड्डे चुकवत, रमतगमत चालली होती.

बहात्तरच्या दुष्काळात तो इथे खडीच्या कामावर हजेरी कारकून होता. लग्न नवं होतं. तळं निम्म्याहून जास्त आटलेलं. काम सुटलं की कचेरीची सायकल घेऊन दोघं त्या भेगाळल्या गाळावर जायची. जगदेवी लुगड्याचा काचा मारायची, दांडीखालून पाय घालायची, आणि हा कॅरियर धरून मागे धावायचा. पडली की दोघंही धुळीत बसून हसायची. तिथून एक पायवाट थेट किल्ल्याकडे जायची. तिचं वळण न् वळण त्याला पाठ होतं.

"ती वाट दावतो तुला," तळ्याशी आल्यावर तो म्हणाला. पण वाट सापडेना. त्याने पुढे जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं. शेवटी म्हशी धुणाऱ्या एका म्हातारीला विचारलं.

"किल्ल्याची पायवाट? इथनं?" म्हातारी म्हणाली. "बाबा, समदं पाणी हाय की इथं."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. ती वाट तळ्यातूनच होती! पाणी आटलं म्हणून लोकांनी पाडली आणि पाणी आलं तशी ती गेली. तो सायकल धरून काठावर उभा राहिला. त्याला त्या वाटेसाठी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. ती वाट परत हवी तर हे तळं आटायला हवं.

"लोकं खडी फोडत होते," तो म्हणाला. "सरकारी सुकडीवर लेकरं जगवत होते. आन् मला मात्र तेच साल गोड लागून राहिलं."

"मलाबी लागतं," जगदेवी म्हणाली. "तुमी तवा लई हसायचे."

त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. "जिथं शिकली ते समदं बुडालं बघ," तो उगीच म्हणाला.

"वाट बुडाली. माझं शिकलेलं कुठं बुडालं?" असं म्हणून तिने टांग टाकली.

धरणाकडून फिरून येताना ती चांगली वीस हात पुढेच होती. किल्ल्याचा खंदक तुडुंब होता. समोर चहाचं हॉटेल, आणि बाकावर साक्षात अमृतराव, कंधार कचेरीतले त्याचे जुने साहेब, आता पेन्शनर. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज कळलेलं उद्या नांदेडात पोचणार, परवा लातुरात. सिद्रामप्पाचे पाय आपोआप सैल पडले. मधलं अंतर वाढलं तर बरंच, असंही वाटून गेलं.

"अरे सिद्रामप्पा!" बशी हातात धरून अमृतराव ओरडले. "कधी आलास? आन् ती कोण रे, आत्ता सायकलीवर फर्रकन गेली ती? कोणाघरची हाय?"

'कोण की,' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पुढे जगदेवीने पायडल मारायचं थांबवलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. सायकल नुसती घरंगळत होती आणि चाकाची टकटक त्याला ऐकू येत होती.

"माझ्या घरची, साहेब!" तो ओरडला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. "बायको हाय माझी. लातूरकडं बालवाडीवर लागली. रोज सायकलीवर जाणार हाय!"

अमृतरावांची बशी तोंडापाशीच राहिली. पुढे टकटक बंद झाली, पायडल फिरू लागलं. तिला गाठायला सिद्रामप्पाला चढावर उभं राहून सायकल मारावी लागली.