न तुटलेली शिवळ

"कार्तिकातील जत्रेच्या दिवशी ट्रेलर सुटून झालेल्या अपघातास चालकाने बसवलेली निकृष्ट लाकडी खुंटी तुटणे हे कारण होय. मोटारमालकाने जोड लोखंडी व पक्का असल्याचे सद्भावनेने मानले होते."

मित्रांनो, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कारभारात अशी वाक्ये पुष्कळ लिहिली गेली आणि विसरली गेली. हे मात्र मला पाठ आहे, कारण त्यातली निकृष्ट खुंटी मीच. मी एक जुनी शिवळ आहे, बाभळीची. बंडीच्या जुवाला बैलाच्या मानेशेजारी जी काठी खोचतात, तिला शिवळ म्हणतात. अहवाल लिहिणाऱ्याला माझे नाव ठाऊक नव्हते, याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मला पाहिलेच नव्हते, याबद्दल आहे.

'तुटणे' हा शब्द आधी घेऊ. आपल्या जुन्या तर्कशास्त्रात ज्ञानाची साधने सांगितली आहेत. डोळ्यांनी पाहावे, ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ओळखावा, ते अनुमान. तिसरे आप्तवचन, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द. चौकशी अधिकाऱ्याने पहिल्या दोहोंना रजा दिली आणि धामणगाव रेल्वे इथल्या मोटारमालक उत्तमरावांच्या बैठकीत चहा घेत तिसरे पत्करले. विश्वासू माणूस म्हणून त्याने निवडले तेही उत्तमरावांनाच, म्हणजे ज्याच्यावर आरोप व्हायचा त्यालाच. मी या क्षणीही डोक्यापासून टोकापर्यंत अखंड आहे. माझ्या अंगावर भेग शोधून दाखवणाऱ्याचे मी मनापासून स्वागत करीन.

त्या एका वाक्यावर सूर्यभान नावाच्या ड्रायव्हरचा मोटार हाकण्याचा परवाना काढून घेतला गेला, आणि त्याला तुरुंगात धाडण्याची तयारी सुरू झाली. म्हणून मला बोलणे भाग आहे. पुढे सूर्यभानच्या वकिलाच्या कपाटात, कायद्याच्या जाड ग्रंथांशेजारी, माझी वर्षे गेली. अशा शेजाराने लाकूडही युक्तिवाद करायला शिकते. क्षमेविषयीही तिथे बरेच वाचले गेले. ती मला समजली आहे. मी ती करणार नाही.

माझा जन्म कौंडण्यपूरच्या वाटेवरच्या एका काळ्या शेताच्या बांधावर झाला. शेत नत्थुजींचे होते. बाभूळ पाडल्यावर त्यांनी मला लगेच तासले नाही. सावलीत वाळू दिले. मग सुताराने मला गोल, गुळगुळीत केले, आणि मी त्यांच्या बंडीच्या जुवात बसले. बैलाच्या मानेचा घाम, पोळ्याच्या दिवशीचे तेल, कापसाच्या बोजाखाली करकरणारे जू, हे माझे सुखाचे दिवस. नत्थुजी जू उतरवताना माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "हे हाय म्हणून बैलाची मान जागेवर हाय." माझ्या कामाची याहून मोठी प्रशस्ती मी मागितली नाही. 'निकृष्ट' लिहिणाऱ्याने नत्थुजींना गाठले असते, तर लेखणी खाली ठेवली असती.

मग ती कार्तिकातली सकाळ आली. उत्तमरावांची मोटार धामणगावच्या स्टेशनावरून कौंडण्यपूरच्या जत्रेचे लोक घेऊन निघाली होती. मागे ट्रेलर जोडलेला होता, आणि त्यात फुलांच्या टोपल्या घेऊन माळणी बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत मोटार आणि ट्रेलर यांना जोडणारी लोखंडी खीळ तुटली. सूर्यभानने मोटार थांबवली. मागून नत्थुजी रिकामी बंडी घेऊन येत होते.

"काहून बा, मधातच बाजार मांडला?" नत्थुजींनी विचारले.

"खीळ गेली, नत्थुजी. आता जत्रा इथंच भरते."

"मोटारीचा लय तोरा होता ना? बैल कधी असा बसत नाही!" नत्थुजी हसले, उतरले, आणि त्यांनी मला जुवातून उपसले. "घे. हे बसते का पाह्य. माहा बैल गरीब हाय, दोरानं बांधला तरी घरी येते."

टोपलीवर हात ठेवून मैनाबाई पाहत होती. धामणगावच्या बाजारात तिच्या हारांसाठी लोक थांबत. ती म्हणाली, "अवो माय, बैलाच्या मानीतली काडी आता मोटारीच्या मानीत! मोटारीले पेंड चारा म्हणा थोडी."

सगळ्या बाया हसल्या. सूर्यभानने कोयत्याने माझे टोक तासून बारीक केले. मित्रांनो, दुखले. परंतु तासणारा हात घाबरट नव्हता आणि कपटी तर मुळीच नव्हता. त्याने मला जोडाच्या भोकातून खाली ठोकले आणि ओल्या सुंभाने वर-खाली आवळून बांधले. सुंभ वाळला की करकचतो आणि गचक्याने खुंटी उसळून बाहेर येत नाही. मग मैनाबाईच्या लुगड्याच्या फाटक्या काठाची एक लाल चिंधी मागून त्याने ती सुंभावर बांधली. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची ती रीत होती. चिंधी दिसली की समजायचे, जोड कच्चा आहे; सामान चालेल, माणूस नको.

"मैनामावशी, आता कोनी बसू नका. टोपल्या राहू द्या, तुमी पायी चला. जत्रेपर्यंत पोचापुरतं हाय हे."

"अन् माहे गुडघे कोन वाहून नेईन?"

"फुलं मी नेतो, गुडघे तुमी आना."

अशा थट्टेत आम्ही पोहोचलो. मोटार बैलाच्या चालीने चालली, बाया मागून चालत आल्या, आणि एकही टोपली कलंडली नाही. जत्रेत दहा जणांनी वाकून मला पाहिले. हे लाकूड एवढा ट्रेलर ओढून आले, म्हणून त्यांनी मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती शेवटची शाबासकी.

उत्तमराव जत्रेत आधीच येऊन बसले होते. सूर्यभानने त्यांना सांगितले, "मालक, लोहाराकडून खीळ करून आनतो. तवरलोक ट्रेलर उभा राहू द्या."

"अन् रेलगाडीच्या वेळेले जाणारे लोक? त्याईले का खांद्यावर नेऊ?"

"मोटारीत मावतीन तेवढे न्या. ट्रेलरात मानूस बसवून मी हाकत नाही."

"तू नको हाकू," उत्तमराव म्हणाले. "जाय, लोहाराकडे जाय."

नदीकाठच्या लोहाराच्या पालाकडे सूर्यभान गेला. त्याची पाठ वळताच उत्तमराव माझ्याजवळ आले. त्यांनी आधी लाल चिंधी सोडली. मग सुंभ कापला, कारण सुंभ पाहिल्यावर आत काय आहे ते लहान मूलही ओळखेल. आता मी उघडी पडले, तांबूस, बाभळीची, सरळसरळ लाकूड. तेव्हा त्यांनी कंदिलाची काजळी जळक्या तेलात कालवली आणि माझे डोके काळे केले. मी बैलाच्या मानेशी आयुष्य काढले. तोंडाला काळे फासण्याचा विधी समाज गुन्हेगारासाठी राखून ठेवतो, हे मला ठाऊक होते. इथे गुन्हेगार फासत होता आणि फासले जात होते मला.

अहवालातला 'लोखंडी' हा शब्द म्हणजे ती काजळी. कालवून अंगठ्याने लावलेली.

धामणगावला परतणाऱ्या बाया ट्रेलरजवळ आल्या. मैनाबाईने वाकून जोड पाहिला. चिंधी नव्हती, सुंभ नव्हता, सगळे काळे होते. मग तिचे लक्ष मालकांच्या हाताकडे गेले.

"मालक, हाताले काजळ काहून? कोन्या लेकराले तीट लावून राहिले?"

"ग्रीस होय मैनाबाई. लोहारानं नवी खीळ घातली. बसा लवकर, गाडी का तुमच्या मावशीची हाय, थांबाले?"

बाया हसत ट्रेलरात चढल्या. 'सद्भावनेने' हा शब्द या हसण्याच्या शेजारी ठेवून वाचावा. भावना कोणाची सत् होती, हे मग सांगावे लागत नाही.

मोटार उत्तमराव स्वतः हाकत होते. नाल्याच्या उतारावर पुढची चाके खोल चाकोरीत उतरली, ट्रेलरने मागून धक्का दिला आणि गचका बसला. मला धरून ठेवायला काही नव्हते. मी तुटले नाही, वाकले नाही. भोकातून उसळून धुळीत पडले. ट्रेलरची दांडी जमिनीत रुतली आणि तो एका अंगावर कलंडला. कोणाचा जीव गेला नाही, असे अहवाल समाधानाने नोंदवतो. मैनाबाईचा उजवा हात फळी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. त्याची बोटे पुन्हा मिटली नाहीत आणि त्या हाताने पुन्हा हार ओवला गेला नाही. त्यासाठी अहवालात 'किरकोळ दुखापत' हे शब्द आहेत. लिहिणाऱ्याची स्वतःची बोटे शाबूत होती.

धुळीत पडल्या पडल्या मैनाबाईने मला पाहिले. माझे डोके काळे होते, पण अंग अजून बाभळीचे होते. "हे तं सकाळचीच शिवळ होय," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने तिने मला ओच्यात खोचले. चौकशी झाली तेव्हा ती अमरावतीच्या दवाखान्यात होती. तिच्यापर्यंत कोणी गेले नाही. मी तिच्या उशाखाली होते. ती रोज मला बाहेर काढी, पाही आणि परत ठेवी. आम्ही दोघी एकच वाट पाहत होतो, कोणीतरी येऊन विचारण्याची.

सूर्यभानच्या वकिलाच्या अर्जावरून अमरावतीला फेरचौकशी बसली, या वेळी दुसऱ्या साहेबापुढे. मैनाबाईने डाव्या हाताने मला मेजावर ठेवले. साहेबाने मला उलटेपालटे केले. मी तुटलेली नाही, एवढे त्यालाही दिसले. अहवालातला एक शब्द असा निमूटपणे मेला.

पण उत्तमरावांचा वकील मुरलेला होता. तो उठून म्हणाला, "खुंटी अखंड असेल. परंतु तिला काळे कोणी केले? चालकानेच. नोकराने लाकूड काळे करून मालकाला लोखंड म्हणून दाखवले. माझे अशील भोळेपणाने फसले."

काजळी फासताना कोणी पाहिले नव्हते, आणि मैनाबाईने पाहिलेले मालकांचे काळे हात 'ग्रीस' म्हणून झटकता येत होते. चिंधी जत्रेतच नाहीशी झाली होती आणि काळा रंग कोणाच्या अंगठ्याचा, हे लाकूड सांगू शकत नव्हते. मी त्या मेजावर पडून होते आणि मला पहिल्यांदा वाटले, की सूर्यभान आता तुरुंगात जाणार.

तेव्हा मैनाबाईने उत्तमरावांकडे पाहिले. तिने आरोप केला नाही. ती हळहळली.

"अगाई! म्हंजे मालकाले लाकूड अन् लोखंड वळखूच येत नाही? इतक्या वर्साच्या मोटारी, अन् ड्रायव्हरनं काजळ फासून फसवलं? आमाले वाटे, मालक हुशार हाय."

मागे बसलेले धामणगावचे लोक खुदकन हसले. एक जण म्हणाला, "आता मोटारीले पाटी लावा, मालक भोळे हाय म्हणून." पुन्हा हशा झाला. उत्तमरावांचा चेहरा तांबडा झाला आणि ते उठून उभे राहिले. वकिलाने त्यांचा सदरा ओढला. ते बसले नाहीत.

"अवो मालक," मैनाबाई आणखी हळू म्हणाली, "मंग मोटार इका अन् बकऱ्या घ्या. बकरी फसवत नाही."

ज्ञानी माणसे सांगतात की क्रोध बुद्धी नासवतो. त्या दिवशी क्रोधाने न्याय केला. उत्तमरावांपुढे दोनच दारे होती, मूर्ख ठरायचे की दोषी. एका माळणीच्या तोंडून, आपल्या गावापुढे, मूर्ख ठरणे त्यांना सोसवले नाही. ते जे बोलले, ते कारकुनाने जसेच्या तसे उतरवून घेतले.

सूर्यभानला परवाना परत मिळाला. उत्तमरावांच्या मोटारीत धामणगावची बाई पुन्हा बसली नाही, आणि ते बाजारातून चालले की भाजीच्या ढिगामागून कोणीतरी त्यांचेच वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणे. मैनाबाईचा हात काही परत आला नाही. म्हणून माझे समाधान अपुरे आहे आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

मित्रांनो, वाटेत काही तुटले तर जे हाताशी असेल ते अवश्य जोडा. काठी, दोर, चिंधी, कशाचीही लाज धरू नका. प्रवास अशानेच पुढे जातो. फक्त जोड कच्चा आहे ही खूण कधी सोडू नका आणि अशा जोडावर दुसऱ्याचा जीव बसवू नका. तुम्ही तसे केलेत, तर कुठेतरी एखादे लाकूड अखंड पडून असेल, आणि ते विसरणार नाही.

आता उत्तमरावांची जबानी, कानामात्रा न बदलता:

"मले कोन फसवते? मले कोनाच्या बापाले फसवता येत नाही! थे लाकूड हाय हे मले ठाऊक होतं. चिंधी मीच सोडली, सुंभ मीच कापला, काजळ मीच लावलं. लाकूड दिसलं असतं तं एक तरी बाई बसली असती का ट्रेलरात?"