परातीतली रामाची जागा

बोटाच्या पेराने वाजवून पाहा, अजून नाद आहे माझ्यात. मित्रांनो, मी मुक्ताबाईंची जुनी पितळी परात. तुम्ही मला पाहिले असेल ते कांद्यांच्या ढिगाखालची काळवंडलेली परात म्हणून. पण एके काळी भर मांडवात मधोमध बसण्याचा मान माझा होता आणि तो मी नीट सांभाळला, हे कुणाची भीड न ठेवता सांगते.

माझा जन्म सोलापुरात एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला इतके ठोकले की मला त्याचा राग यायचा. पण शेवटी त्याने माझ्या काठालगत पानाफुलांची एक वेल कोरली, तेव्हा मी त्याला सगळे माफ केले. भवानी पेठेतल्या मुक्ताबाईंनी मला विकत घेतले आणि ऊन फार म्हणून डोक्यावर पालथी धरून घरी नेले. छत्री होणे ही माझी पहिली चाकरी.

मुक्ताबाईंचे यजमान आप्पा मूळचे केम गावचे. वाट्याची जमीन मेव्हणे कोंडीबांकडे लावून ते सोलापूरला आले आणि एका गिरणीच्या रंगखात्यात लागले. त्यांची नखे कधी निळी असत, कधी तांबडी. लुगडे विरेल पण आप्पाचा रंग विरायचा नाही, असे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मी त्या घरात पीठ मळून घेतले, शेंगा निवडून घेतल्या, शेजारच्या बारशांना जाऊन आले. कुणाकडूनही परत आले की मुक्ताबाई मला उलटीसुलटी करून पोचा पडला का ते पाहत. अशी काळजी घेणारी धनीण मिळायला नशीब लागते.

मग त्यांच्या लेकीचे, वच्छलाचे लग्न ठरले. मुलगा कुंडलिक, अक्कलकोटच्या पलीकडचा, घर शेतीवाले. सुपारी फोडायला त्याची आई बजाबाई आल्या, सोबत थोरली सून अनसूया. बजाबाईंचे बोलणे निम्मे मराठी, निम्मे कानडी आणि सगळेच वजनदार. हुंड्यावर त्यांनी ओढून धरले नाही. जाताना मात्र माझ्यावर बोट ठेवून एक मागणे घातले.

“रुकवतात ही परात मदी मांडा. तीत राम-सीतेची जोडी पायजे.”

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडवात मांडलेली शोभा, ती पाहायला सगळे वऱ्हाड लोटते. आणि जोडी म्हणजे रामफळ आणि सीताफळ, हेही सगळ्यांना कळले. आप्पा लगेच हो म्हणाले. मुलीचा बाप अशा वेळी दुसरे काय म्हणणार? त्यातून आप्पांचे दिवस गिरणीत गेलेले. तिथे आषाढात तांबडा रंग निघतो तसाच माघातही निघतो. फळांचे तसे नसते, हे ते विसरूनच गेले होते.

अनसूया पाणी प्यायला म्हणून आत आली आणि माझ्याजवळ बसून मुक्ताबाईंशी हलक्या आवाजात बोलली. तिचे लग्न फाल्गुनात झाले होते. तिच्या आईने परातीत रामफळे मांडली, पण तेव्हा सीताफळ कुठून आणणार? त्या दिवसापासून सासूबाई ऊठसूट तिचे अपुरे रुखवत काढत. दूध नासले तरी अपुरे रुखवत, पाऊस लांबला तरी अपुरे रुखवत.

“माजं झालं ते झालं, मावशी,” ती म्हणाली. “वच्छलाच्या वाट्याला नको.”

तेव्हापासून मुक्ताबाईंच्या जिवाला घोर लागला. लग्न धरले होते तुळशीचे लग्न झाल्यावर लगेच, कार्तिक सरता सरता. सीताफळांची ती शेवटशेवटची तोड असते, म्हणून त्यांची चिंता नव्हती. रामफळ पिकते ते होळीच्या आसपास. सात रस्ता चौकाजवळ फळे विकणाऱ्या सिद्धारामला त्यांनी रामफळ मागितले तेव्हा तो आधी हसला आणि त्यांचा चेहरा पाहून मग होळीला या म्हणाला. लेक सासरी गेल्यावर तिला जन्मभर एका फळावरून टोचून बोलतील, या विचाराने मुक्ताबाईंचे पीठ मळता मळता हात थांबायचे. माझ्यात त्यांच्या डोळ्यांतले पाणी पडले आहे. मला त्याचे फार वाईट वाटायचे, पण परात काय करणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी कोंडीबा केमहून रेल्वेने आले. टोपलीत पेंढ्यावर बांधावरची सीताफळे होती, हाताला घट्ट पण डोळे उघडलेली. डाळिंबे, पेरू, आवळे आणि उसाची कांडी होती. आणि धोतराच्या सोग्यात वेगळे बांधून आणलेले एक रामफळ होते, पूर्ण वाढलेले, पण हिरवेगार आणि दगडासारखे.

आप्पांनी ते हातात फिरवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. आपण रंगखात्यातला माणूस, एक फळ रंगवता येऊ नये? त्यांनी काव, म्हणजे तांबडी माती, कालवली, त्यात चिमूटभर हळद घातली आणि फुंकर मारमारून ते फळ असे रंगवले की कोंडीबांनी वास घेऊन पाहिला. मुक्ताबाईंच्या मनाला ते रुचले नव्हते. पण वच्छलाकडे पाहून त्यांनी ते होऊ दिले.

सकाळी मांडवात घाई उडाली. शेजारणीने मला चिंचेने लखलखीत घासले, धुतले आणि पुसायचे राहिले. माझ्यात सीताफळांची रास रचली, कडेने डाळिंबे, पेरू आणि आवळे लावले, उसाची कांडी उभी केली. मधोमध विड्याची दोन पाने ठेवली. एकावर सगळ्यांत मोठे सीताफळ बसवले, दुसऱ्यावर आप्पांचे रामफळ. मी ओली, काव कच्ची. बघता बघता रामफळाखालून तांबडा ओघळ निघाला, पानावरून उतरला आणि माझ्या काठाच्या वेलीत जाऊन बसला. फळाचे हिरवे पोट उघडे पडले. जन्मभर पक्क्या रंगाची फुशारकी मारलेल्या माणसाचा रंग नेमका लेकीच्या लग्नात गेला. आप्पा पांढरेफटक पडले. तरी ते काव आणायला धावणार होते. बाहेर वाजंत्री ऐकू येत होती.

मुक्ताबाईंनी त्यांचा हात धरला. “अवं, ऱ्हाऊ द्या. खोट्या रामावर लेकीचा संसार नको मांडायला.”

त्यांनी ते फळ उचलून कोंडीबांच्या हाती दिले आणि पदराने ओघळ पुसला. पान मात्र बदलून तिथेच ठेवले, रिकामे. आप्पा म्हणाले, निदान तिथे एक डाळिंब तरी ठेव. त्यांनी ठेवू दिले नाही. इतकी फळे अंगावर असूनही मला त्या एका रिकाम्या पानाचेच ओझे वाटत होते.

बजाबाई आल्या. शेवयांकडे त्यांनी पाहिले नाही, करंज्यांकडे पाहिले नाही. सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मागे अनसूया होती, तिने मान खाली घातली.

“राम कुटं हाय?” बजाबाईंनी विचारले.

मुक्ताबाई माझ्याजवळ आल्या. मग त्या म्हणाल्या, “राम तुमच्या घरी हाय, ईनबाई. थोरलीनं फाल्गुनात आणलाय की त्यो. सीता आमची वच्छली आणतीया. ह्या दोगांला एका परातीत बसवंल असा म्हैना देवानं केला न्हाय. एका घरात बसवायचं तुमच्या हातात हाय.”

बजाबाई त्या रिकाम्या पानाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी अनसूयाला पुढे बोलावले, मधले सीताफळ उचलायला लावले आणि स्वतःच्या पदरात घ्यायला सांगितले.

“आयतु,” त्या म्हणाल्या. म्हणजे झाले. “तुजं रुकवत आज पुरं झालं.”

अनसूया पदर धरून तशीच उभी राहिली आणि ओक्साबोक्शी रडली. मुक्ताबाईही रडल्या. आप्पा तांबडी बोटे पाठीमागे लपवून उभे होते.

रुखवताबरोबर मीही वच्छलाच्या सासरी गेले. तिथे दर फाल्गुनात अनसूया माझ्यात रामफळे मांडायची आणि कार्तिकात वच्छला सीताफळे. अपुऱ्या रुखवताची गोष्ट त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही. गावातल्या लग्नांनाही मला मागून नेत, आणि बजाबाई न्यायला आलेल्याला बजावत की ज्या महिन्यात जे पिकेल तेच हिच्यात मांडा. पुढे नव्या तऱ्हेची भांडी आली, मला कुणी मागेना, आणि मी कांद्यांखाली गेले. कांदेही घरचेच आहेत, तक्रार नाही.

एवढे मात्र मागते, मित्रांनो. कधी मला बाहेर काढलेत तर चिंचेने घासा आणि या वेळी कोरडी पुसा. काठाच्या वेलीत तुम्हाला एक तांबूस रेघ दिसेल, तेवढी खरवडू नका. आप्पांनी रंगवलेली सगळी लुगडी कधीच विरून गेली. त्यांचा हा एक कच्चा रंग तेवढा राहिला आहे.