दोघांसाठी दोन दिवस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला खरं तर नकाराची सवय हवी. माणसं जास्त चढली की लिफ्ट कोकलायला लागते आणि जागची हलत नाही. मग आत कुणी बडा साहेब असो की कुणाची सासू. पण मधल्याच्या वाट्याचं सगळं नाही म्हणायचं काम आजवर लिफ्टच करत आली होती. स्वतः त्यानं ते शिकून घेतलंच नाही.

मधला म्हणजे मधला जावई. बायको तीन बहिणींतली मधली, म्हणून हा मधला. थोरल्या मेव्हणीच्या नवऱ्याला सगळे अध्यक्ष म्हणत, कारण चार माणसं चहाला बसली तरी तो त्यांची सभा करायचा. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तर त्याला घरच्यांशिवाय दुसरं कुणी चालवायला उरलंच नव्हतं. धाकटीचा नवरा झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायचा आणि सहसा बोलायचा नाही.

बायकोच्या माहेरची एक रीत होती. तिथे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नसे. सासऱ्यांनी मुलींना तसं वळणच लावलं होतं. फार जीवावर आलं तर ‘बघू’ म्हणायचं, आणि ‘बघू’ म्हटलं की समोरचा तयारीला लागलाच म्हणून समजा. सासरे गेले, वळण राहिलं. त्यापायी त्या घरात कितीतरी गोष्टी कुणालाच नको असताना अगदी यथासांग पार पडल्या होत्या. मधल्याच्या लग्नानंतरची सहल त्यातलीच. नवरा-नवरी निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘‘नवीन गाव, सोबत असलेली बरी. आम्ही दोघं येऊ का?’’ मधला म्हणाला, ‘‘बघू.’’ त्यांच्या मधुचंद्राच्या झाडून सगळ्या फोटोंत चार माणसं आहेत. बहुतेकांत अध्यक्ष मध्यभागी.

तर यंदा मुलगा वसतिगृहात गेला आणि घरात दोघंच उरली. एका सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, ‘‘अहो, माझ्या बालवाडीला वसंताची सुट्टी लागतेय. मला ते जुनं शहर बघायचंय. नदीवरचा दगडी पूल आहे ना, ते.’’

‘‘जाऊ की.’’

‘‘दोन दिवस. फक्त आपण दोघं.’’

‘‘फक्त दोघं,’’ मधला म्हणाला.

‘‘नीट ऐका. दिवसभर मी पोरांच्या कलकलाटात असते, घरी आले की तुमचा फोन वाजत असतो. लग्न झाल्यापासून सलग दोन दिवस आपण दोघंच असे कधी बोललेलो नाही. मला बोलायचंय तुमच्याशी. काय ते मलाही माहीत नाही, पण बोलायचंय. या खेपेला घोळ घातलात तर परत हा विषय मी तोंडातून काढणार नाही.’’

ती रागावून बोलली असती तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं. ती बिस्किट बुडवत बोलली. त्यानं शब्द दिला, आणि हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, की अगदी मनापासून दिला.

मग काही दिवस त्या घरात भलताच आनंद होता. जुन्या शहराच्या तटाला लागून एका घरात खोल्या मिळतात असं बायकोनंच शोधून काढलं. मधल्यानं फोन केला. तिथली व्यवस्थापक बाई म्हणाली, ‘‘आमच्या खोल्या जोडप्यांसाठीच आहेत. तिसरी खाटही टाकून मिळत नाही.’’ मधल्याला बाई फार आवडली. त्यानं खोली धरून ठेवायला सांगितलं आणि आपण कामात असलो तर म्हणून बायकोचा नंबरही दिला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून दोघं बसायची. बायको पेन्सिलीनं खुणा करायची: हा पूल, हा घड्याळाचा मनोरा, ही बुकबाइंडरांची गल्ली, इथे तटावर चढायचं.

‘‘आणि दुपारी?’’ तो विचारी.

‘‘दुपारी काही नाही. तटावर झाडांखाली बाकं आहेत. झाडांना नवी पालवी असेल. तिथे नुसतं बसायचं.’’

‘‘नुसतं?’’

‘‘नुसतं हो. जमेल ना?’’

‘‘न जमायला काय झालं,’’ मधला म्हणाला, आणि खरंच त्याला त्या बाकावर कधी एकदा बसतो असं झालं. बायको नकाशावर वाकली की तिच्या मानेवर एक केसांची बट पडायची. ती बट त्यानं कैक वर्षांत पाहिलीच नव्हती. म्हणजे ती होती तिथेच, यानं पाहिली नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण अध्यक्षांच्या बिल्डिंगमधली लिफ्ट तळमजल्यावर धक्के द्यायला लागली आणि दुरुस्तीला कोण गेलं? हाच.

लिफ्टच्या खाली एक खड्डा असतो. त्यात उतरून मधला ग्रीस पुसत होता. त्याचं फक्त डोकं जमिनीच्या वर होतं. त्या डोक्यासमोर अध्यक्षांच्या चपला येऊन थांबल्या.

‘‘काय मधले, सुट्टीत काय बेत?’’

त्यानं सांगायला हवं होतं, की काही नाही. पण त्याला थापही मारता यायची नाही. अशा माणसानं खरं म्हणजे घराबाहेरच पडू नये.

‘‘दोन दिवस जाऊन येतोय जरा.’’

‘‘कुठे?’’

‘‘ते आपलं... जुनं शहर.’’

‘‘अरे वा!’’ अध्यक्ष उकिडवे बसले. ‘‘वसंतात तिथे बघायलाच नको. तुझ्या ताईलाही जरा बाहेर काढायला हवं. आम्ही दोघं येतो मग. चालेल ना?’’

खड्ड्यात उभं राहून, वर वाकलेल्या थोरल्या साडूला नाही म्हणणं भल्याभल्यांना जड जाईल. मधल्याला बायकोचा चेहरा दिसला, ते बुडवलेलं बिस्किटही दिसलं. तरी तोंडातून निघालं, ‘‘बघू.’’

‘‘मग धाकट्यांनाही सांगतो. त्यांना वगळलं तर बरं दिसणार नाही,’’ असं म्हणत अध्यक्ष गेलेसुद्धा. मधला बराच वेळ खड्ड्यातच थांबला. तिथलं काम कधीच संपलं होतं.

घरी त्यानं ब्र काढला नाही. आज सांगू, उद्या सांगू. आधी अध्यक्षांना परस्पर आवरू, मग हिला सांगायची वेळच येणार नाही, असंही त्यानं मनाशी ठरवलं. ठरवण्यात तो कधीच कमी पडला नाही. शेवटी ताईंचा फोन आला तो बायकोलाच. ‘‘सहा टोप्या घेतल्यात गं, एकसारख्या. गर्दीत चुकामूक नको. सगळ्या पिवळ्या.’’

बायकोनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

‘‘मी फक्त बघू म्हणालो होतो,’’ मधला म्हणाला.

‘‘बरं,’’ बायको म्हणाली. तिनं टेबलावरचा नकाशा घडी करून उचलून ठेवला. त्याला वाटलं, चला, थोडक्यात निभावलं. पुरुषाचं डोकं कधीकधी इतकं चालतं की बंद पडलेलं बरं.

रविवारी अध्यक्षांकडे सभा भरली. अध्यक्षांनी कार्यक्रम छापून आणला होता. पहाटे उठणे. तटाला पूर्ण फेरी. मनोऱ्यासमोर समूहफोटो. दुपारी बसून राहण्यात वेळ वाया जातो, म्हणून वस्तुसंग्रहालय.

‘‘आणि त्या दोघादोघांच्या खोल्या काही कामाच्या नाहीत,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘मी एक मोठा हॉल बघितलाय. सहा पलंग. बायका या बाजूला, पुरुष त्या बाजूला. मस्त गप्पा होतील. तुमची ती खोली सोडून दे, मधले.’’

‘‘बघू,’’ मधला म्हणाला.

‘‘ताई, तुला फेरी झेपेल ना?’’ धाकटीनं विचारलं.

‘‘माझं काय, तुम्ही ठरवाल तसं,’’ ताई गुडघा चोळत म्हणाल्या. धाकटाही तेच म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते एकच वाक्य. मग अध्यक्ष मधल्याच्या बायकोकडे वळले. ‘‘मूळ कल्पना हिची, बरं का. बोल, तुझं काय मत?’’

मधल्यानं मान खाली घातली. आता ही फाडकन काहीतरी बोलेल आणि आपली सुटका होईल, अशी त्याला लाजिरवाणी आशा वाटली. आपण गिळलेला नकार बायकोनं बोलावा म्हणून तो वाट बघत होता. याला काय म्हणावं!

‘‘तुम्ही ठरवाल तसं, भाऊजी,’’ ती म्हणाली.

घरी जाताना रस्त्यावर ती दोन पावलं पुढे चालत होती. मधल्यानं तिला गाठलं. ‘‘रागावलीस?’’

‘‘वाईट वाटलं,’’ ती म्हणाली. ‘‘ते लोक येताहेत याचं नाही. माझ्यासाठी तुम्हाला एकदा, एका माणसाला, एक शब्द बोलता आला नाही, याचं.’’

‘‘मी सांगतो त्यांना. उद्याच सांगतो.’’

उद्या आला, परवाही आला. एकदा त्यानं अध्यक्षांना फोन लावलाही, पण तिकडून ‘‘अरे, तुलाच लावणार होतो! पाण्याच्या बाटल्या तू आण,’’ असं आलं, आणि हा बाटल्या घेऊन घरी गेला.

निघायच्या सकाळी बायको लवकरच आवरून तयार होती. ‘‘तुम्ही बाटल्या घेऊन थेट स्टेशनवर जा,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटेत एक काम आहे. मी माझी येते.’’ आणि आपली बॅग घेऊन ती त्याच्या आधीच बाहेर पडली.

फलाटावर पाच टोप्या जमल्या. सहावी ताईंच्या हातात होती. गाडी लागली. अध्यक्ष दारात उभे राहून सगळ्यांना चढवत होते, तेवढ्यात मधल्याचा फोन वाजला.

‘‘मी येत नाहीये,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्ही जा सगळ्यांबरोबर. खरंच जा. माझी काळजी करू नका.’’ मागे कसला तरी खडखडाट ऐकू येत होता. तो काही बोलणार तोच फोन बंद झाला.

‘‘काय रे? कुठवर आली ती?’’ अध्यक्षांनी विचारलं.

मधल्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीहून जास्त तिच्याबद्दल वाईट वाटत होतं. ‘‘ती येत नाहीये. मीही येत नाही.’’

‘‘म्हणजे पुढच्या गाडीनं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आता असं करू...’’

‘‘नाही, भाऊजी,’’ मधला म्हणाला. आवाज जरा चढलाच. बाजूचा हमाल वळून बघायला लागला. ‘‘आम्हाला दोघांनाच जायचं होतं. पहिल्यापासून. मला सांगता आलं नाही. तुम्ही यायला नको होतात. मागेही नको होतात.’’

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. मग ताई पटकन म्हणाल्या, ‘‘मग मीही उतरते बाई. या गुडघ्यानं तटाची फेरी? मी आपली तुमच्यासाठी हो म्हणत होते.’’

‘‘आम्हाला घरी झोपायचं होतं,’’ धाकटा म्हणाला.

‘‘अरे, मग मला कशाला हौस होती?’’ अध्यक्ष उसळले. ‘‘तुमची सोबत करावी म्हणून मी! मला तर त्या हॉलमध्ये घोरण्यानं झोपही लागली नसती!’’ सगळे खाली उतरले आणि गाडी सुटली. ती त्यांच्या रिकाम्या जागा घेऊन गेली. ‘‘लिफ्टच्या खड्ड्यात बोलला असतास तर टोप्या वाचल्या असत्या,’’ एवढं बोलून अध्यक्ष फलाटावरच्या बाकावर बसले. ते दुखावले होते. त्याला इलाज नव्हता.

मधला जवळजवळ पळतच घरी आला. वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं: आधी माफी, मग सांगायचं की मी नाही म्हणालो, तोंडावर म्हणालो, हमालसुद्धा साक्षीला आहे. मग दोघांनी दुपारची गाडी धरायची. दाराला कुलूप होतं. आत तिच्या चपला नव्हत्या, नकाशाही नव्हता.

त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. तिच्या आवाजामागे कुठेतरी पाणी वाहत होतं.

‘‘कुठे आहेस तू?’’

‘‘पुलावर,’’ ती म्हणाली. ‘‘आधीची गाडी धरली मी.’’

‘‘आणि राहणार कुठे? खोली तर...’’

‘‘खोली आहे. त्या बाईंचा फोन आला होता, नक्की आहे ना म्हणून. मी हो म्हणाले.’’

‘‘अगं, मी नाही म्हणालो!’’ तो ओरडलाच. ‘‘सगळ्यांसमोर. भाऊजींना. कुणीच गेलं नाही.’’

‘‘खरंच?’’

‘‘तुझी शपथ.’’

‘‘बरं केलंत,’’ ती म्हणाली, आणि तिला ते खरोखर बरं वाटलं असावं, आवाज हलका झाला होता. मधल्याचा जीव भांड्यात पडला.

‘‘मग निघू मी? दुपारची गाडी धरली की तासाभरात पोचतो.’’

‘‘नाही,’’ बायको म्हणाली.

त्या माहेरच्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला. तिनं तो मोठ्यानं म्हटला नाही, रागानंही नाही. पण ऐकणाऱ्याला तो कसा लागतो, ते मधल्याला आज कळलं.

‘‘आजचा दिवस माझा मला राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘इतके दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. ते आज त्या बाकावर बसून संपवते. तुम्ही समोर असलात की माझंही तुम्ही म्हणाल तसंच होतं. उद्या या. सकाळच्या गाडीनं.’’

‘‘येतो.’’

‘‘एकटे या.’’

‘‘एकटाच येतो गं,’’ मधला म्हणाला.

फोन ठेवून त्यानं बॅग उघडली. दोन दिवसांचे दोन शर्ट इस्त्री करून वरच ठेवले होते, तिनंच. त्यातला एक काढून त्यानं परत कपाटात लावला.