बाल्टिमोरची वाकडी पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे आणि मला फोडायला फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला साळसूद म्हणायला नको. बाल्टिमोरच्या बंदराजवळ पोलादाचा कारखाना होता. तिथे मला लालबुंद तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि एका टोकाला बाकदार चोच काढली. जन्मच मारझोडीत झाला, तर स्वभाव गोड कुठून येणार?

माझा पहिला धनी घरं पाडण्याचे मक्ते घ्यायचा. शहराच्या पूर्वेला विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा होत्या, भिंतीला भिंत लागलेली, प्रत्येक दारापुढे संगमरवरी पायऱ्या. कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली आणि घरं ओस पडली. मी दारं फोडली, जिने फोडले, खिडक्यांच्या चौकटी उचकटल्या. उरलेलं घर यंत्र चिरडायचं आणि सगळा ढिगारा कचऱ्यात जायचा. धनी माझी पाठ थोपटून म्हणायचा, “हिच्यापुढे काही टिकत नाही!” मला धन्य वाटायचं.

मग टायरिकने मला धन्याच्या ट्रकमधून चोरलं आणि दांड्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. टायरिक रिकाम्या घरांत घुसून तांब्याचे नळ उपटायचा. एका घराच्या दारात आयझॅक नावाचा तरुण आडवा आला. “माझ्या आजीचं घर आहे हे. चालता हो!” म्हणाला. टायरिकने त्याला पाडलं, त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि मला उचललं. बोटं सुक्या काटक्यांसारखी मोडली. पायरीचासुद्धा टवका उडाला. आयझॅक गुरासारखा ओरडत होता आणि मला तो आवाज आवडला. खोटं कशाला बोलू?

पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकून टायरिकने मला तळघरात भिरकावलं आणि पळाला. आयझॅकने त्याचं नाव कधीच सांगितलं नाही. त्या गल्लीत पोलिसांना नाव सांगत नाहीत. मी कितीतरी हिवाळे अंधारात गंजत पडले.

एके दिवशी डोक्यावर हेल्मेट घातलेली माणसं खाली उतरली. रॉस्कोने मला उचललं. रॉस्को म्हणजे आयझॅकचा थोरला भाऊ. आयझॅकचा हात मोडला तेव्हा हा तुरुंगात होता. आता सुटून आला होता आणि घरं उकलायचं काम शिकत होता, आणि पाडायच्या यादीत आता आजीचं हे ओस घरही होतं. त्याच्याबरोबरचे बहुतेक सगळे असेच, ज्यांना दुसरीकडे कोणी दारात उभं करत नव्हतं. शिकवायला मिस वर्नेटा होती, केस पिकलेली सुतारीण, जिभेला धार.

“पाडायचं नाही, उसवायचं,” ती म्हणाली. “जे शेवटी लागलं ते आधी निघेल. वीट आख्खी हवी, तुळई आख्खी हवी, तरच विकली जाते.”

रॉस्कोने पहिलाच घाव असा घातला की विटेचा भुगा झाला.

“वा रे पठ्ठ्या!” मिस वर्नेटा म्हणाली. “चुन्यातली वीट आहे ती. टकटक केलंस तरी सुटते. तिनं तुझं काय घोडं मारलंय?”

सगळे हसले. रॉस्कोही हसला. मी मात्र मनात जळत होते. चुना खरवडायचा, खिळे अलगद ओढायचे! मला हे बायकी वाटायचं. पण रॉस्को शिकला. शिक्षण पुरं झालं की कायमची नोकरी होती. मारामारीत सापडला असता तर थेट परत तुरुंग, आणि मग आयझॅककडे कोण बघणार? त्याच्या बोटांना शर्टाची बटणंही लागत नव्हती. रोज सकाळी रॉस्को ती लावून द्यायचा.

वरच्या तुळया काढल्या त्या दिवशी मिस वर्नेटाने सगळ्यांना बजावलं, “तुळया निघाल्या की भिंत नुसती सवयीनं उभी असते. तिच्यावर घाव घालायचा नाही. वरून एकेक वीट काढायची.”

त्याच दुपारी टायरिक आत शिरला. उरलेल्या नळांवर त्याचा डोळा होता.

“ए, ती पहार माझी आहे,” तो म्हणाला.

“चल हट. तळघरात सापडलीय.”

“मीच टाकली होती. दांड्यावर बघ, माझं अक्षर कोरलंय. आणि बाहेरच्या पायरीचा टवका बघितलास ना? तोही हिचाच. तुझ्या भावाला विचार. बोटं मोजता येतात का रे त्याला अजून?”

रॉस्कोने अक्षर पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्याने मला डोक्यावर उचललं. मित्रांनो, किती वर्षांनी! मला टायरिकची कवटी हवी होती.

“रॉस्को!” शिडीवरून मिस वर्नेटा ओरडली. “उद्या त्याची बटणं कोण लावणार?”

मी खाली येतच होते. शेवटच्या क्षणी रॉस्कोने मनगट फिरवलं आणि मी टायरिकच्या कानाजवळून जाऊन भिंतीत घुसले.

त्या भिंतीत.

आधी चुना गळला, मग भिंत पोटातून फुगली आणि खाली आली. रॉस्को दाराकडे फेकला गेला, त्याचा खांदा फाटून रक्त वाहायला लागलं. टायरिक विटांखाली गेला. भिंतीला टेकवून ठेवलेली तुळई त्याच्या मांडीवर पडली आणि हाड मोडल्याचा तोच जुना आवाज आला. वरची अर्धी भिंत अजून डुलत होती.

“बाहेर या सगळे!” मिस वर्नेटा किंचाळली.

मला वाटलं, राहू दे त्याला. रॉस्कोलाही वाटलं असणार. तो पळभर थांबला होता. मग शिव्या देत तो परत आत आला, मला तुळईखाली घातलं आणि छातीचा सगळा भार टाकला. तुळई उठेना. त्याने पुन्हा जोर लावला. माझ्या पाठीत कळ आली आणि मी वाकले. तुळई वीतभर उठली, मिस वर्नेटाने टायरिकला काखेत धरून ओढलं, आणि तिघे उंबऱ्याबाहेर पडताच उरलेली भिंत कोसळली.

पोलिसाने टायरिकला विचारलं, “कोणी केलं हे?”

टायरिकने रॉस्कोकडे पाहिलं. “भिंत पडली,” तो म्हणाला.

“मी घाव घातला,” रॉस्को म्हणाला. “भिंतीवर. रागानं.”

पोलिसाने खांदे उडवले. भिंतीची तक्रार कोण घेणार? मिस वर्नेटाने मात्र घेतली. “खांदा शिवून घे. मग यातली एकूणएक वीट तूच वेचायचीस. तोवर हातात पहार नाही.”

त्या संध्याकाळी रॉस्कोने मला घरी नेऊन टेबलावर ठेवलं. आयझॅकने ते अक्षर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. मग त्याने माझ्या वाकलेल्या पाठीवरून आपली वाकडी बोटं फिरवली.

“ही कशी वाकली?”

“त्याला बाहेर काढताना.”

आयझॅक रडला. रागाने रडला की कशाने, मला कळलं नाही. सकाळी तो शर्ट घालून रॉस्कोसमोर येऊन उभा राहिला. “बटणं लाव,” म्हणाला. “मीपण येतो. विटा उचलायला डावा हात पुरे.”

आता आजीच्या घराच्या विटा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत बसल्या आहेत, आणि मी मिस वर्नेटाच्या भिंतीवर टांगलेली असते. मित्रांनो, इतकी दारं, इतकी हाडं मोडली, पण मी केसभरही वाकले नव्हते. वाकले ती एकदाच, एका माणसावरचं ओझं उचलताना. तुम्ही कोणाच्या हातात पहार द्याल, तेव्हा ती कुठे टेकवायची तेही शिकवा. आणि मला सरळ करू नका.